सीमाभागातला ऑर्केस्ट्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात नवा ऑर्केस्ट्रा उभा करणारी पोरं आणि सुपारी द्यायला येणारी मंडळं, दोघांचेही प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आकडे मध्यम आकाराच्या, दहा-अकरा जणांच्या ऑर्केस्ट्राचे आहेत.

बँजो पार्टी, ब्रास बँड आणि ऑर्केस्ट्रा यांत फरक काय?

ब्रास बँड वरातीत चालतो, बँजो पार्टी गाडीवर असते. दोघांचं काम लोकांना नाचवायचं, त्यामुळे शब्द नसले तरी चालतात. ऑर्केस्ट्रा मात्र स्टेजवर बसतो आणि समोर खुर्चीत बसलेला माणूस शब्द ऐकत असतो. दुसरा अंतरा गाळला तर बँजोला कुणी काही म्हणत नाही. ऑर्केस्ट्रात पहिल्या रांगेतले गुरुजी कार्यक्रम संपल्यावर विंगेत येऊन विचारतात.

काही ऑर्केस्ट्रा पंचवीस-तीस वर्षं चालतात, काही दोन सीझनमध्ये मोडतात. असं का?

लोक म्हणतात गायकामुळे. आमचं मत वेगळं आहे: वहीमुळे. गायक येतात-जातात. कीबोर्डवाला लग्न झालं की गोव्याला हॉटेलात लागतो, इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणारा ऑक्टापॅडवाला दुसऱ्या पार्टीत जातो. ज्या ऑर्केस्ट्राची गाणी माणसांच्या डोक्यात असतात, त्याची गाणी माणसांबरोबर निघून जातात. ज्याची वहीत असतात, तो संध्याकाळी चार वाजता बदली वादक बोलावून सात वाजता पडदा उघडू शकतो.

वहीचं एक पान असं असावं:

वर गाण्याचा नंबर. नावापेक्षा नंबर महत्त्वाचा, कारण स्टेजवर बोटांनी नंबरच दाखवता येतो. त्याखाली पट्टी, पुरुष गायकाची आणि स्त्री गायिकेची वेगळी. मग लय, मेट्रोनोमच्या आकड्यात (मिनिटाला किती ठोके). त्यानंतर गाण्याचा नकाशा: सुरुवातीचा पीस (नुसत्या वाद्यांचा तुकडा) किती मात्रांचा, तो कोण वाजवणार, मुखडा किती वेळा, दोन अंतऱ्यांमधला पीस पूर्ण की निम्मा, ब्रेक कुठे. शेवटी लाल शाईत गाण्याचा शेवट. ही लाल ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तिथेच फजिती होते. जुन्या रेकॉर्डवर पुष्कळ गाणी हळूहळू विरत जातात. स्टेजवर इतकी माणसं एकाच वेळी विरू शकत नाहीत. कुणी थांबतं, कुणी वाजवत राहतं. म्हणून ‘मुखडा दोनदा, तिसऱ्यांदा पहिली ओळ तीन वेळा, समेवर कट’ असं स्पष्ट लिहून ठेवायचं.

वहीच्या दोन प्रती हव्यात. फोनमधली फोटोची प्रत ही तिसरी, दुसरी नव्हे.

किमान किती माणसं लागतात?

कीबोर्ड दोन, ऑक्टापॅड एक, ढोलकी-तबला एक, बेस गिटार एक, लीड गिटार एक, गायक दोन, गायिका एक किंवा दोन, निवेदक एक. दोन कीबोर्ड चैन म्हणून नाहीत. एकाने तंतुवाद्यांचा भरणा धरायचा, दुसऱ्याने बासरी, ॲकॉर्डियन, सनई असे पीस वाजवायचे. एकाच माणसाकडे दोन्ही दिलं की आवाज बदलायला त्याला बटण दाबावं लागतं आणि नेमकी पीसची पहिली मात्रा जाते.

निवेदकावर पैसे वाचवू नका. कीबोर्डची वायर सैल झाली तर ती चार मिनिटं तोच सांभाळतो. आमच्याकडे त्याला मराठी आणि कन्नड दोन्ही धड बोलता आलं पाहिजे. पंचांची, ग्रामपंचायत सदस्यांची नावं आणि पदं त्याने आधी लिहून घ्यावीत. एक नाव राहिलं तर पुढच्या यात्रेची सुपारी गेली म्हणून समजा.

पट्टी कशी ठरवायची? मूळ गाण्याच्याच पट्टीत गायला हवं ना?

नाही. रेकॉर्ड स्टुडिओत एकदा गायली गेली, तुमच्या गायिकेला एका रात्रीत दहा-बारा गाणी गायची आहेत. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, बहुतेक वेळा तो अंतऱ्यात असतो. तालमीच्या शेवटी, गळा दमलेला असताना, तो तीनदा गायला लावा. तिसऱ्यांदाही तो मोकळा लागला तर ती पट्टी खरी. ताज्या गळ्याने ठरवलेली पट्टी मध्यंतरानंतर दगा देते. लता मंगेशकरांची बरीच गाणी आजच्या गायिकांना दोन-तीन सूर खाली घ्यावी लागतात, त्यात कमीपणा नाही. द्वंद्वगीतात दोघांपैकी एकाला थोडं अवघडल्यासारखं होणारच. अशा वेळी वरचा सूर ज्याच्या वाट्याला असेल त्याची सोय बघावी, कारण खालचा सूर माइक उचलून धरतो, वरचा फाटला तर काही झाकत नाही.

पट्टी बदलली की चौघांवर परिणाम होतो. कीबोर्डवाला ट्रान्सपोझचं, म्हणजे सगळी पट्टी एकदम वर-खाली करणारं बटण दाबतो. गिटारवाला कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावतो, पण कापोने सूर फक्त वर जातो. खाली उतरायचं असेल तर त्याला कॉर्ड बदलावे लागतात. तबला एका-दोन सुरांपलीकडे ठोकून उतरवता-चढवता येत नाही, म्हणून दोन-तीन तबले वेगवेगळ्या पट्टीत मिळवून ठेवायचे. बेसवाला मान हलवून निमूट वाजवतो.

आता सगळ्यात नेहमीचा अपघात. पाच नंबरचं गाणं पांढरी चारऐवजी एक सूर खालच्या पांढरी तीनमध्ये घेतलं, कीबोर्डवर उणे एक लावलं. गाणं झालं, टाळ्या पडल्या, सहा नंबर सुरू. कीबोर्डवर उणे एक तसंच. कीबोर्ड एका पट्टीत, बेस दुसऱ्या, गायक मधेच लोंबकळतोय. उपाय साधा आहे: गाणं संपलं की टाळ्या चालू असतानाच ट्रान्सपोझ शून्यावर आणायचं, पुढचं गाणं कुठल्याही पट्टीत असलं तरी. हात त्या सवयीला लागला पाहिजे.

मराठी गायकाने कन्नड गाणं म्हटलं की समोरचे हसतात. काय चुकतं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही सुधारता येतात.

पहिली, ‘ए’ आणि ‘ओ’. कन्नडमध्ये हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही, आणि त्यावर अर्थ बदलतो. देवनागरीत आपण दोन्ही एकसारखेच लिहितो. म्हणून वहीत दीर्घ असेल तिथे अक्षरावर आडवी रेघ मारा. दुसरी, शब्दाच्या शेवटचा स्वर. मराठी तोंडाला शेवटचा ‘अ’ गिळायची सवय असते, कन्नड शब्द बहुधा स्वरावरच संपतो. तो गिळला की मात्राही कमी पडते आणि चालीत भोक दिसतं. तिसरी, ‘च’ आणि ‘ज’. मराठीत ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा असतो. कन्नडमध्ये फक्त ‘चहा’तला च आणि ‘जेवण’मधला ज. ‘जागा’मधला ज लावला की पहिल्याच ओळीत गाव ओळखतं.

गाणं कन्नड येणाऱ्या माणसाकडून आधी वाचून घ्या, चालीशिवाय, तीनदा. मग चाल लावा. कन्नड नट डॉ. राजकुमारांच्या जुन्या चित्रपटांतली पी. बी. श्रीनिवास यांच्या आवाजातली गाणी मऊ, खालच्या पट्टीत गुणगुणल्यासारखी आहेत. पुढे राजकुमार स्वतः गाऊ लागले, ती गाणी खुल्या गळ्याची. दोन्ही एकाच गायकाकडे देऊ नका.

कार्यक्रमात मराठी, हिंदी, कन्नड यांचं प्रमाण किती ठेवावं?

गावावर आहे. खानापूर भागात आणि बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत मराठी जास्त चालतं. गोकाक-अथणीकडे कन्नड निम्म्याच्या वर जातं. हिंदीला कुठेच नाही म्हणत नाहीत. सुपारी घेतानाच कमिटीला विचारून लिहून घ्या. पहिलं भक्तिगीत मात्र त्या गावच्या देवाचं हवं, मग भाषा कोणतीही असो.

‘सैराट’ २०१६ मध्ये आला, त्यावरून २०१७ मध्ये कन्नड ‘मनसु मल्लिगे’ आणि २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’. अजय-अतुल यांच्या चाली तिकडेही गेल्या. त्यामुळे नाचाचं तेच गाणं मुखडा मराठी, पहिला अंतरा कन्नड, दुसरा हिंदी असं घेता येतं, ठेका न मोडता. सीमाभागात याच्याइतकी हमखास जागा दुसरी नाही. म्हणूनच ते शेवटी ठेवायचं असतं. पहिल्या तासात वाजवून बसलात तर पुढचे दोन तास त्याच गाण्याच्या चिठ्ठ्या येत राहतात.

तीन तासांत किती गाणी बसतात?

सत्कार, भाषण, नारळ यांत अर्धा तास जातो. उरलेल्या अडीच तासांत गाणं चार मिनिटं आणि निवेदन एक मिनिट धरलं तर तीस. वहीतली चाळीस गाणी तयार ठेवावीत, दहा फर्माइशीसाठी.

रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम सातला सुरू व्हायला हवा. गावात सात म्हणजे साडेआठ, त्यामुळे क्रम आधीच दोन भागांत लावून ठेवा: काय गाळायचं ते घरी ठरवायचं, स्टेजवर नाही. शेवटच्या पंचवीस मिनिटांची नाचाची गाणी कधीच गाळायची नाहीत.

नाचाच्या गाण्यांची मेडली जोडताना ठेका घसरतो. कसं जमवायचं?

कोळीगीताचा ठोक आतून तीन-तीन भागांत पडतो, डिस्को किंवा आजच्या नाचगाण्याचा चार भागांत. ही दोन गाणी थेट जोडली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ठोक तोच ठेवायचा, मध्ये दोन आवर्तनं फक्त ढोल आणि टाळी घ्यायची आणि त्या दोन आवर्तनांत ऑक्टापॅडवाल्याने तीनाचे चार करायचे. बाकीच्यांनी हात वर.

लय हळूहळू वाढवत न्यावी, एका गाण्यावरून दुसऱ्यावर चार-पाच आकड्यांपेक्षा जास्त उडी नको. स्टेजवर जोशात लय तशीही वाढते. तालमीत ११२ असलेलं गाणं यात्रेत १२० ला जातं आणि गायकाला शब्द कोंबावे लागतात. पट्टीसुद्धा खालून वर न्या. वरून खाली आलं की उत्साह ओसरल्यासारखा वाटतो, कारण कुणाला सांगता येत नाही.

मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज काढलेलं तयार संगीत) वापरावा का?

पूर्ण ट्रॅकवर गाणं म्हणजे कराओके, त्यासाठी इतक्या वादकांचे पैसे कशाला द्यायचे? पण कोरस, व्हायोलिनचा ताफा, विशिष्ट इलेक्ट्रॉनिक आवाज यांच्यासाठी अर्धा ट्रॅक घेतला तर वावगं नाही. नव्या गाण्यांना तर पर्यायच नाही.

पद्धत अशी. फाइलच्या डाव्या बाजूला संगीत, उजव्या बाजूला फक्त लयीची टिकटिक. डावी वायर मिक्सरला, उजवी थेट ऑक्टापॅडवाल्याच्या हेडफोनला. वायरींवर लाल आणि निळी चिकटपट्टी लावा. अंधारात वायरी अदलाबदल झाल्या की सगळ्या गावाला टिकटिक ऐकू येते आणि ऑक्टापॅडवाल्याच्या कानात व्हायोलिन. फोनवरून ट्रॅक लावत असाल तर फ्लाइट मोड. रिंगटोन चार हजार माणसांनी ऐकला की तो वर्षभर विसरत नाहीत.

ट्रॅक अचानक दीड सूर चढा आणि घाईत वाजू लागला तर लॅपटॉप खराब झालेला नसतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो दर) केलेली फाइल ४८ च्या सेटिंगवर चालली आहे. कार्यक्रमाच्या आधी सगळ्या फाइली एकाच दरावर करून ठेवा.

वीज आणि जनरेटरचं काय बघावं?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

६२.५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण ५० किलोवॅट. साउंड आणि एलईडी लाइट धरून गावच्या मैदानाला तेवढा पुरतो. साउंड एका फेजवर, लाइट दुसऱ्यावर. एकाच फेजवर घेतलं की लाइट मंद-तेज करताना स्पीकरमधून घरघर येते.

वाद्यं लावण्याआधी टेस्टर पुरेसा नाही, मीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट हवेत. न्यूट्रल सैल असेल तर एका फेजवर १५० आणि दुसऱ्यावर ३०० च्या पुढे दिसू शकतं. अशा जोडणीत कीबोर्ड लावला तर तो रात्रीतून कायमचा जातो. मीटर कमिटीच्या माणसासमोर लावा, म्हणजे नंतर वाद नको. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या गावात संध्याकाळी दाब १८० वर येतो. तिथे कीबोर्ड गाण्याच्या मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कीबोर्ड, ऑक्टापॅड आणि लॅपटॉपसाठी वेगळा छोटा यूपीएस घ्या, मोठ्या स्पीकरचा भार त्यावर टाकू नका.

गिटारवाल्याचे ओठ माइकला लागताच झटका बसला तर कार्यक्रम तिथेच थांबवा. माइकच्या तोंडावर कापड गुंडाळणे हा उपाय नव्हे. अर्थिंग नाही किंवा स्टेजवर दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतली आहे, हे त्याचं कारण. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डवर आणा, अर्थिंगची सळई ओल्या मातीत खोल ठोकून घ्या आणि मगच पुढे जा.

शिट्टी येते. साउंडवाला म्हणतो गायक चुकतोय, गायक म्हणतो साउंडवाला.

बहुतेक वेळा दोघेही. गायक माइकची जाळी मुठीत धरतो, मग माइक चहूबाजूंनी आवाज ओढायला लागतो. मूठ खाली दांड्यावर हवी. साउंडवाला मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) वाढवत जातो. तपासणीचा क्रम धरा: आधी ऑक्टापॅडचा किक, मग बेस, ढोलकी, कीबोर्ड, गिटार आणि शेवटी माइक. माइक एकेक उघडायचे, न लागणारे बंद ठेवायचे. सहा माइक उघडे आणि गातोय एक, ही शिट्टीची घरची वाट.

लांबट मैदानात मागे जादा स्पीकर लावले असतील तर त्यांना विलंब द्यावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या स्पीकरला अंदाजे १०० मिलिसेकंद. तो दिला नाही तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि ते म्हणतात गायकाला ताल नाही.

परवानग्या कोणत्या?

ध्वनिवर्धकाची परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यातून, ती कमिटीने काढायची. तुम्ही छायाप्रत मागून घ्यायची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. तो दिवस त्यात आहे का, हे विचारून घ्या, गृहीत धरू नका. दवाखाना, शाळा, न्यायालय यांपासून १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे.

गाण्याचे शब्द आणि चाल यांच्या जाहीर सादरीकरणाचा परवाना आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची हक्क संस्था) हिच्याकडून मिळतो. तिकीट लावून रंगमंदिरात कार्यक्रम असेल तर तो आधी घ्या. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. लग्नाच्या नावाखाली तिकीट लावलं तर ती लागू होत नाही, हे सांगायला नको.

तालीम हॉलला व्यवसायाचा बोर्ड लावत असाल तर कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. बोर्ड रंगवायला देण्याआधीच मजकूर मोजा.

सीझन कधी असतो? कोणत्या तारखा टाळाव्यात?

गणपती, मग दिवाळीनंतर लग्नं आणि गावजत्रा वैशाखापर्यंत. काही गावांत महालक्ष्मीची यात्रा पुष्कळ वर्षांच्या अंतराने भरते. तशा गावाची सुपारी सहा महिने आधी येते आणि मानधनही बरं असतं. आषाढ आणि पितृपक्ष कोरडे. तेव्हा नवी गाणी बसवायची. दहावीच्या परीक्षांच्या दिवसांत परवानगी मिळवणं अवघड. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस, रस्त्यावर बंदोबस्त. त्या तारखेची सुपारी कुणाचीच घेऊ नये.

सुपारीचे पैसे कसे ठरवायचे?

निम्मे तारीख धरताना, उरलेले पडदा उघडण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाही, हे सगळ्या गावांत सारखंच. कागदावर इतकं हवं: तारीख, सुरू आणि बंद व्हायची वेळ, साउंड-लाइट-जनरेटर कुणाचा, स्टेजचं माप (किमान २४ बाय १६ फूट), जेवण किती जणांचं, पाऊस आला तर काय. पावसाचं कलम लोक विसरतात. वाद्यं लागल्यावर पाऊस आला तर पूर्ण पैसे, आदल्या दिवशी रद्द केलं तर विसार परत नाही पण तारीख बदलून मिळेल, असं लिहा.

आलेल्या पैशांतून आधी गाडी-डिझेल, मग वाद्यांचा हप्ता वेगळा काढायचा, मग कलाकार. समजा ४० हजार आले, तर त्यातले चार हजार वाद्यांसाठी बाजूला ठेवा, उरलेल्यात वाटणी. हा हप्ता न काढणाऱ्यांचा कीबोर्ड पाच वर्षांनी जातो आणि त्याबरोबर ऑर्केस्ट्राही. स्टेजवर आलेलं बक्षीस कुणाचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. गायिकेच्या नावे आलेलं तिलाच द्यावं, असं आमचं स्पष्ट मत. भांडणं सुपारीवरून होत नाहीत, बक्षिसावरून होतात.

गोव्यात किंवा महाराष्ट्रात कार्यक्रम असेल तर?

गाडीचं परमिट दुसऱ्या राज्यात चालणारं हवं, वाद्यांची यादी अनुक्रमांकांसह सोबत ठेवा. पावसाळ्यात चोर्ला घाटाने जाताना दोन तास जास्त धरा आणि ढोलकी प्लॅस्टिकमध्ये बांधा. ओल धरली की कातडं उतरतं आणि पोचल्यावर चढवून मिळत नाही.

मुख्य गायक नाव घेऊन बाहेर पडला. ते नाव कुणाचं?

कागद नसेल तर दोघेही म्हणणार आमचं. म्हणून सुरुवातीलाच भागीदारीपत्र करून त्यात लिहा, की नाव संस्थेचं, बाहेर पडणाऱ्याने ते किंवा त्यासारखं नाव वापरायचं नाही. नाव जुनं आणि चालतं असेल तर ट्रेडमार्क नोंदवा. करमणुकीच्या सेवा वर्ग ४१ मध्ये येतात, नोंदणी १० वर्षांची आणि पुढे नूतनीकरण. वहीच्या पहिल्या पानावरही ‘ही वही ऑर्केस्ट्राची’ असं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बाहेर पडणारा एकवेळ नाव ठेवून जातो, पण वही घेऊन जातो.